रोआल्ड अमुंडसेन व त्याचे गुरू

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांनी काय मिळविले हे आपण पाहतो. ते कोणाच्या पायाशी बसून शिकले, ह्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणारा नॉर्वेजियन प्रवासी रोआल्ड अमुंडसेन ह्याचे नाव भूगोलाच्या पुस्तकातून आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. परंतु ज्या विद्येच्या बळावर त्याने हा पराक्रम केला, ती त्याला कोणत्याही विद्यापीठात मिळाली नव्हती. ज्यांस अक्षरओळख नव्हती, ज्यांच्या देशात लोखंडाची सुई हीदेखील मोठी संपत्ती मानली जाई, आणि ज्यांस त्या काळचे सुधारलेले जग रानटी म्हणून ओळखीत असे, अशा लोकांच्या बर्फाच्या घरात बसून त्याने ती संपादन केली. यंत्रयुगातील मनुष्याने जुन्या चालीच्या समाजांपासून काय शिकावे, हा प्रश्न हल्ली पुष्कळ ठिकाणी चर्चिला जातो. त्या चर्चेस अमुंडसेनचे चरित्र हे चांगले उदाहरण होईल, असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात देत आहे.

रोआल्डचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वे देशात बोर्गे ह्या गावी झाला. त्याचे घराणे जहाजांच्या मालकांचे व कप्तानांचे. समुद्र हाच त्यांचा वंशपरंपरेचा धंदा. चार भावांत रोआल्ड सर्वांत धाकटा. निदान ह्या एका मुलाने तरी समुद्राचा नाद सोडून वैद्यकी शिकावी, अशी आईची फार इच्छा होती. तो चौदा वर्षांचा असता वडील वारले. आईच्या समाधानासाठी त्याने वैद्यकीच्या अभ्यासास आरंभ केला खरा. पण मन दुसरीकडेच गुंतले होते. इंग्रज दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन ह्याच्या सफरींचे वर्णन त्याने पंधराव्या वर्षी वाचले आणि तेव्हापासून ध्रुवप्रदेशाची ओढ त्याला लागली. शरीर काटक व्हावे म्हणून नॉर्वेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात तो खोलीच्या खिडक्या सताड उघड्या टाकून निजत असे. १८८९ साली फ्रिड्त्योफ नान्सेन हा ग्रीनलंडचा बर्फमय पठारी प्रदेश ओलांडून स्वदेशी परतला, तेव्हा त्याच्या स्वागतास लोटलेल्या गर्दीत सोळा वर्षांचा रोआल्डही होता. १८९३ साली आईचे निधन झाले. तिच्या हयातीत तिचे मन त्याने मोडले नव्हते. आता वैद्यकी सोडून तो खलाशी झाला.

ज्या फ्रँकलिनने त्याला वेड लावले, त्याची कथा येथे थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील गोष्टीचे मर्म कळावयाचे नाही. युरोपातून अमेरिकेच्या उत्तरेकडून आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधावा, म्हणून १८४५ साली इंग्लंडच्या आरमाराने फ्रँकलिनच्या हाताखाली एरेबस व टेरर ही दोन जहाजे पाठविली. त्यांवर वाफेची यंत्रे होती, तीन वर्षे पुरेल इतके डब्यांत भरलेले अन्न होते, मोठे ग्रंथालय होते आणि अधिकाऱ्यांच्या जेवणासाठी चांदीचे चमचे व काटेही होते. जहाजे किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली. ज्या १२९ जणांनी तिकडे पुढे कूच केले होते, त्यांतील एकही जिवंत परत आला नाही. आणि नवल असे की, हे लोक जेथे थंडीने, भुकेने व रोगाने मेले, त्याच मुलखात इनुइट लोकांची कुटुंबे बायकामुलांसह शेकडो वर्षे नांदत होती. १८५४ साली डॉक्टर जॉन रे ह्याने इनुइट लोकांकडून ह्या आपत्तीची हकीकत मिळवून इंग्लंडास कळविली. भुकेने वेडे झालेल्या खलाशांनी शेवटी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, असेही त्या हकीकतीत होते. रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला म्हणून रेवरच चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला, आणि चार्ल्स डिकन्ससारख्या थोर लेखकानेही त्या टीकेत भाग घेतला. पुढे सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी इनुइटांचे सांगणे खरे ठरविले.

पूर्वी ह्या लोकांस एस्किमो म्हणत. पण ते स्वतःस इनुइट म्हणवितात, आणि त्या शब्दाचा अर्थ केवळ माणसे असा आहे.

अमुंडसेनला ह्या लोकांच्या विद्येचा पहिला प्रत्यय आला तो मात्र त्यांच्या देशापासून फार दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास. १८९७ साली बेल्जिका नावाच्या जहाजावर तो दुय्यम अधिकारी म्हणून दक्षिण समुद्रात गेला. १८९८ च्या मार्चपासून हे जहाज सुमारे तेरा महिने बर्फात रुतून राहिले. कित्येक आठवडे सूर्य उगवत नसे. ताज्या अन्नाच्या अभावी स्कर्व्ही नावाचा रोग पसरला; हिरड्या सुजू लागल्या, पायांतील बळ गेले, कोणाकोणाची बुद्धीही भ्रमली. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कूक हा पूर्वी ग्रीनलंडमध्ये इनुइट लोकांत राहिलेला होता. ते लोक भाजीपाल्यावाचून केवळ ताज्या मांसावर निरोगी राहतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. सील व पेंग्विन ह्यांचे ताजे मांस खा, असा त्याने आग्रह धरला. कप्तानास त्या मांसाचा तिटकारा होता. पण तो स्वतः मृत्युपंथास लागला तेव्हा त्याचाही हट्ट सुटला, आणि ते मांस खाऊन माणसे उठून कामास लागली. जीवनसत्त्व क हा शब्द तोपर्यंत जन्मासही आला नव्हता. शास्त्राला ज्याचे नाव ठाऊक नव्हते, त्याचा उपयोग ग्रीनलंडमधील गृहिणीस ठाऊक होता! पुढे ह्या कूकच्या नावास मोठा कलंक लागला व त्यास तुरुंगवास घडला. पण १९२६ साली जगप्रसिद्ध झालेला अमुंडसेन अमेरिकेत गेला असता त्या तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या डॉक्टरास भेटून आला.

आता अमुंडसेनने फ्रँकलिनचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले. त्याने ग्योआ नावाचे हेरिंग मासे पकडण्याचे जुने गलबत विकत घेतले. ते ४७ टनांचे असून त्याच्याच जन्माच्या साली बांधलेले होते. मोठ्या आरमारी जहाजांवर शंभरांवर माणसे असत. ग्योआवर अमुंडसेन धरून अवघे सात जण होते. लहान गलबत उथळ पाण्यातून निभावून जाते, आणि थोडी माणसे त्या मुलखातील शिकारीवर जगू शकतात, असा त्याचा हिशेब होता. पैशाची चणचण इतकी होती की, सावकार गलबत अडवून ठेवतील ह्या भीतीने १६ जून १९०३ च्या रात्री, भर पावसात, त्याने ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, ह्या बंदरातून नांगर उचलला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात किंग विल्यम बेटाच्या एका लहानशा सुरक्षित खाडीत त्याने गलबत लावले व तेथे जवळजवळ दोन वर्षे मुक्काम केला. त्या जागेस आज ग्योआ हेवन म्हणतात.

तेथे त्याचे एक काम शास्त्रीय होते. होकायंत्राची सुई ज्याकडे वळते तो उत्तर चुंबकीय ध्रुव १८३१ साली जेम्स रॉस ह्याने शोधला होता. तो एका जागी स्थिर नसून सरकतो, हे अमुंडसेनच्या निरीक्षणांनी सिद्ध झाले. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मुक्काम पडल्यावर काही आठवड्यांनी नेटसिलिक नावाच्या इनुइट जमातीचे काही शिकारी दूरवर दिसले. प्रथम दोन्ही पक्ष साशंक होते. मग बंदुका खाली ठेवल्या गेल्या, दोन्हीकडची माणसे पुढे झाली व त्यांनी एकमेकांस आलिंगन दिले. त्या दिवसापासून अमुंडसेनची खरी शाळा सुरू झाली.

पहिला धडा वस्त्रांचा. युरोपातील लोक थंडीत अंगास घट्ट बसणारे लोकरीचे कपडे घालीत. घाम आला की तो लोकरीत मुरे, तेथेच गोठे, आणि कपडा लाकडासारखा ताठ होई. नेटसिलिक लोक कॅरिबू जातीच्या हरणाच्या कातड्याचे दुहेरी कपडे घालीत. आतल्याची लव अंगाकडे व बाहेरच्याची लव बाहेर असे. दोन्ही सैल असत. त्यांमुळे अंगाभोवती उबदार हवा खेळती राही व घामाची वाफ निघून जाई. त्या हरणाचा केस आतून पोकळ असतो व त्यात हवा कोंडून राहते. म्हणून तो वजनाला हलका व उबेला भारी. हे कपडे जनावरांच्या स्नायूंच्या धाग्यांनी स्त्रिया शिवीत. त्यांच्या टाक्यावर पुरुषाचा जीव अवलंबून असे. एक शिवण उसवली तर शिकारी परत येण्याची आशा नसे. अमुंडसेनने सुया, सुऱ्या वगैरे जिनसा देऊन असे कपडे मिळविले आणि स्वतः ते अंगावर घालून वावरू लागला. त्याच्या काळच्या सभ्य गृहस्थांस ही गोष्ट हास्यास्पद वाटली असती.

दुसरा धडा घराचा. तेरायू नावाचा एक वृद्ध नेटसिलिक त्या हिवाळ्यात गलबताजवळ राहिला होता. त्यास अमुंडसेनने रीतसर गुरू केले आणि आपल्या सोबत्यांसह तो त्याच्यापाशी बर्फाचे घर बांधावयास शिकू लागला. कोणता बर्फ घरास योग्य, हे त्यात काठी खुपसून ओळखावे; लांब पात्याच्या सुरीने विटा कापाव्या; त्या फिरत्या जिन्याप्रमाणे चढत्या व आत झुकत्या रचीत जावे; शेवटची वीट आतून बसवावी; दार इतके खाली ठेवावे की थंड हवा खालीच राहील. बर्फाच्या कणांत हवा अडकलेली असते, म्हणून तोच बर्फ भिंत झाला असता ऊब धरतो. आपले पाहुणे प्रथम वेडीवाकडी घरे बांधीत आणि म्हातारा ती पाहून हसे. पण हळूहळू त्यांचा हात बसला.

तिसरा धडा प्रवासाचा. १९०४ च्या मार्चच्या आरंभी अमुंडसेन घसरगाड्या घेऊन निघाला. थंडी शून्याखाली ५० अंशांहून अधिक होती. इतक्या थंडीत बर्फ वाळूसारखा कोरडा व चरचरीत होतो. गाड्या ओढता ओढता माणसे व कुत्री थकून गेली व त्यास परत फिरावे लागले. नेटसिलिक लोक मात्र त्याच बर्फावरून सहज जात. त्यांची युक्ती अशी की, गाडीच्या धावांवर पाणी चोपडून बर्फाचा गुळगुळीत पातळ थर चढवावयाचा. कुत्र्यांकडून काम कसे घ्यावे, किती मजल मारावी, अंगास घाम फुटण्यापूर्वी चाल कशी मंद करावी, हेही तो त्यांच्यापाशी शिकला. त्या प्रदेशात घाम हाच मोठा वैरी होय. आणि घाई करणारास तो गाठतो.

१९०५ च्या ऑगस्टात ग्योआ पुन्हा निघाले. उथळ व खडकाळ समुद्रातून वाट काढीत असता त्या महिन्याच्या २६ तारखेस पश्चिमेकडून आलेले देवमाशांच्या शिकारीचे एक अमेरिकन जहाज समोर दिसले, आणि तीनशेहून अधिक वर्षे ज्याचा शोध चालला होता तो वायव्य जलमार्ग सापडला हे निश्चित झाले. वाटेत आणखी एक हिवाळा काढून १९०६ च्या ऑगस्टअखेर ते अलास्कातील नोम बंदरास लागले. फ्रँकलिनच्या १२९ माणसांस ज्या मुलखाने गिळले, त्याच मुलखात दोन हिवाळे काढून अमुंडसेनची माणसे धडधाकट बाहेर पडली. त्यांतील एक जण मात्र शेवटच्या हिवाळ्यात आजाराने वारला. ह्या प्रवासाच्या ग्रंथात नेटसिलिक लोकांचा निरोप घेताना अमुंडसेनने त्यांच्यासाठी जी सदिच्छा व्यक्त केली, ती मोठी विलक्षण आहे. आपली सुधारणा त्यांच्यापर्यंत कधीही न पोहोचो, अशा आशयाची ती होती.

ह्यापुढील कथा सर्वश्रुत आहे. अमुंडसेनला उत्तर ध्रुव गाठावयाचा होता. परंतु १९०९ साली कूक व पियरी ह्या दोघांनी तो गाठल्याचे जाहीर केले. तेव्हा त्याने गुपचूप बेत बदलला. नान्सेनचे फ्राम जहाज उत्तरेस जाण्यासाठी म्हणून मिळविले, आणि १९१० च्या ऑगस्टात निघून मदीरा बेटावर पोहोचल्यावरच आपण दक्षिणेस जात असल्याचे खलाशांस सांगितले. इंग्रज कप्तान रॉबर्ट स्कॉट त्याच ध्येयाने निघालेला होता. त्यास वाटेत तारेने ही बातमी मिळाली. उपकारकर्त्या नान्सेनपासूनही खरा बेत लपवून ठेवणे, ही गोष्ट अमुंडसेनच्या लौकिकास शोभणारी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

१९११ च्या जानेवारीत दक्षिणेकडील तळ पडला. ह्या तळावर किंग विल्यम बेटावरील शाळेचे चिन्ह जागोजाग दिसत होते. ग्रीनलंडातून आणविलेली सुमारे शंभर कुत्री होती. नेटसिलिक धर्तीचे कातड्याचे सैल कपडे होते. घराभोवतीच्या बर्फातच खोल्या व बोगदे कोरून कामाच्या जागा केल्या होत्या. आणि सर्वांस रोज सीलचे ताजे मांस मिळे. त्याचबरोबर नॉर्वेतील स्की, रॉकेलची स्टोव्ह, उत्तम दुर्बिणी व कोणमापके हीही होती. जुने तेवढे सोने असे तो मानीत नसे, तसे नवे तेवढेच खरे असेही मानीत नसे. ज्या कामास जे खरे उतरले ते त्याने घेतले.

तरीही येथे एक चूक घडली. ८ सप्टेंबर १९११ रोजी, वसंत ऋतू नीट लागण्यापूर्वीच, त्याने घाईने कूच केले. ह्याल्मार योहान्सेन ह्या अनुभवी सोबत्याने, अजून थंडी फार आहे, असे बजावले होते. ते त्याने मानिले नाही. कडाक्याच्या थंडीत कुत्री मरू लागली, माणसांचे पाय गोठले व सर्वांस माघारी यावे लागले. योहान्सेनने मागे पडलेल्या तरुण सोबत्याचा जीव वाचविला, आणि तळावर आल्यावर सर्वांदेखत नायकाची कानउघाडणी केली. नायकाने त्यास ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून काढून टाकले. १९१३ च्या जानेवारीत, निराश अवस्थेत, योहान्सेनचा दुर्दैवी अंत झाला. नेटसिलिक म्हाताऱ्यापुढे नम्र होणारा हा पुरुष आपल्या माणसाचे खरे बोलणे मात्र सहन करू शकला नाही. दूरच्या गुरूस नमस्कार करणे सोपे असते. जवळच्याचे ऐकणे कठीण.

ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास अमुंडसेन चार सोबती, चार गाड्या व ५२ कुत्री घेऊन पुन्हा निघाला. १४ डिसेंबर १९११ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. जाण्यायेण्याची सुमारे ३००० किलोमीटरांची मजल ९९ दिवसांत संपवून २५ जानेवारी १९१२ रोजी ते तळावर सुखरूप परतले. सोबत ११ कुत्रीच उरली होती. बाकीच्यांपैकी बहुतेक कुत्री ठरलेल्या बेताप्रमाणे वाटेत मारून माणसांस व उरलेल्या कुत्र्यांस खाऊ घातली होती. ज्यांनी गाड्या ओढून वर नेले त्यांसच मारावे लागले, ह्याचे त्या कठोर माणसांसही फार वाईट वाटले. ह्या विजयाची ही किंमत विसरता कामा नये.

स्कॉट व त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले, तो तेथे अमुंडसेनचा तंबू उभा! परतताना ते पाचही जण मृत्युमुखी पडले. शेवटच्या तिघांचा तंबू अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरांवर होता. स्कॉटने मोटारगाड्या, सैबेरियन तट्टे व कुत्री ह्या सर्वांचा थोडथोडा उपयोग करून पाहिला. मोटारी बंद पडल्या, तट्टे बर्फात रुतली, आणि अखेरीस माणसांनी स्वतःच्या खांद्यांनी गाड्या ओढल्या. त्या वर्षीची असाधारण थंडीही त्यांच्या नाशास कारण झाली. म्हणून मृतांस दोष देण्याचे प्रयोजन नाही. मरणाच्या दारीही त्यांनी शास्त्रासाठी गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या पुरातन वनस्पतीचे ठसे निघाले, आणि दक्षिणेकडील खंड एके काळी एकत्र होते ह्या मतास त्यांनी पुष्टी मिळाली. त्याच वनस्पतीचे ठसे आपल्या नागपूरच्या आसपासच्या खडकांतून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्याने पूर्वीच गोळा केले होते.

अमुंडसेनचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १९१४ साली तो विमान चालविण्यास शिकला. १९१८ पासून मॉड जहाजावरून त्याने आशियाच्या उत्तरेकडील समुद्रात कष्टाची सफर केली. १९२२ साली सैबेरियाच्या किनाऱ्यावरून दोन लहान मुलींस आपल्या मुली म्हणून तो नॉर्वेस घेऊन गेला व त्यांस शाळेत घातले. पण दोन वर्षांनी त्याचे दिवाळे निघाले तेव्हा त्यांस परत पाठविण्यात आले. लेकरांस त्यांच्या मातीतून उपटून आणणे आणि पुन्हा दूर लोटणे, हे त्याच्या चरित्रातील दुःखदायक पान आहे. १९२६ च्या मे महिन्यात इटालियन नोबिले व अमेरिकन एल्सवर्थ ह्यांच्यासह नॉर्गे नावाच्या विमाननौकेतून तो उत्तर ध्रुवावरून अलास्कास गेला. पुढे नोबिलेशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. तथापि १९२८ साली नोबिलेची दुसरी विमाननौका बर्फात कोसळल्याची वार्ता येताच, हा पंचावन्न वर्षांचा वीर वैर विसरून त्याच्या शोधास निघाला. १८ जून १९२८ रोजी ट्रोम्सो बंदरातून त्याचे विमान उडाले ते परत आले नाही. पुढे विमानाचा एक तरंडा तेवढा समुद्रात सापडला. नोबिले वाचला; त्यास वाचवावयास गेलेला अमुंडसेन उत्तरेच्या समुद्रातच राहिला. शत्रूसाठी प्राण वेचण्यापेक्षा उदात्त शेवट तो कोणता?

विद्यार्थीमित्रहो, ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध कोणता, ह्याचा विचार आपण करू. पवित्र शास्त्रात अरामाचा सेनापती नामान ह्याची कथा आहे. त्यास कुष्ठरोग झाला होता, आणि त्याच्या घरातील एका लहान बंदिवान मुलीने त्यास बरे होण्याची वाट दाखविली. त्या बलाढ्य पुरुषाने दासीचे शब्द क्षुल्लक मानिले असते, तर तो रोगातच मेला असता. ज्ञान कोणाच्या मुखातून येते हे न पाहता ते खरे आहे की नाही हे पाहणे, ही नम्रता नामानास शिकावी लागली. फ्रँकलिनच्या काळच्या इंग्लंडास ती साधली नाही. अमुंडसेनला बर्फाच्या त्या शाळेत तरी साधली.

परंतु गुरूंचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. विसाव्या शतकात कॅनडातील इनुइट व इतर मूळ रहिवाशांची पुष्कळ मुले आईबापांपासून तोडून सरकारच्या पैशाने व ख्रिस्ती मंडळ्यांच्या हाताने चालणाऱ्या वसतिशाळांत घालण्यात आली. तेथे त्यांस मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. घरी परतलेल्या कित्येक मुलांस आजीशी बोलता येईना, आणि आजीजवळची विद्या घेता येईना. ह्या अन्यायाबद्दल तेथील अँग्लिकन मंडळीने १९९३ साली, कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी इनुइटांच्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट झाकून न ठेवता ध्यानात ठेवावी. शाळा ही देवाची मोठी देणगी आहे. पण मुलाच्या हाती पुस्तक देताना त्याच्या हातातील आजीचे बोट सोडविले, तर त्या देणगीचा शाप होतो.

आपल्याकडेही दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे, हे सांगावयास आनंद वाटतो. वर ज्यांचा उल्लेख आला ते हिस्लॉपसाहेब शिक्षक होते. शाळा चालवीत असता त्यांनी गोंड लोकांत फिरून त्यांच्या भाषा, चालीरीती व लिंगोची प्राचीन कथा उतरून घेतली. १८६३ साली ते पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले, आणि १८६६ साली रिचर्ड टेंपल ह्यांनी त्यांची टिपणे छापून काढली. ज्यांस शिकवावयाचे त्यांचेच ऐकावयाचे, ही रीत आपल्या परंपरेत नवी नाही.

जुने ते सर्व चांगले, असे मात्र कोणी समजू नये. नेटसिलिक लोकांत उपासमारीच्या भयाने नवजात मुलींस टाकून देण्याची क्रूर चाल होती. आणि आपल्या समाजातील अस्पृश्यता व बालविवाह ह्याही जुन्याच चाली होत. अमुंडसेनने नेटसिलिकांचे सर्व काही उचलले नाही. जे परीक्षेस उतरले ते घेतले. आपणही तसेच करावे. कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यास चालते, बियाणे वर्षभर कीड न लागता कसे ठेवावे, विहिरीस पाणी लागेल ही खूण कशी ओळखावी, हे ज्यांस ठाऊक होते अशी माणसे आपल्या खेड्यांत आता थोडी उरली आहेत. त्यांचे सांगणे ऐकून, वहीत टिपून, मग प्रयोगशाळेत तपासून पाहावे. काही खोटे निघेल. काही खरे ठरेल. न विचारता मात्र सर्वच जाईल.

फ्रँकलिनची जहाजे दीडशेहून अधिक वर्षे सापडली नव्हती. एरेबस २०१४ साली सापडले, ते इनुइटांच्या तोंडी हकीकतींनी दाखविलेल्या भागातच. आणि टेरर २०१६ साली सापडले, ते ग्योआ हेवनच्याच एका इनुइट शिकाऱ्याने दिलेल्या खुणेवरून. ज्या आठवणींस एके काळी लंडनने हसून वाटेस लाविले, त्या पिढ्यान्‌पिढ्या बर्फातील झोपड्यांत जपल्या गेल्या होत्या. कोणी विचारावयास येण्याचा अवकाश होता. ह्या दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत आपापल्या गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वृद्ध माणसाजवळ एक संध्याकाळ वही घेऊन बसावे, एवढीच ह्या लेखाच्या शेवटी प्रेमाची विनंती आहे. परमेश्वर आपणांस विद्या देवो, आणि तिच्याबरोबर ऐकणारे कानही देवो.